पेंटरच्या शर्टांची गोधडी

कात्रीकाकूला तोंडावर कात्रीकाकू म्हणायची हिंमत साऱ्या गल्लीत एकाच माणसाची होती, आणि तो माणूस गेल्या हिवाळ्यात गेला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर तो. बाकीचे लोक तिला नुसतंच काकू म्हणत आणि तिची पाठ वळली की उरलेला शब्द जोडत. काकूला ते ठाऊक होतं. काकूची जीभ आणि कात्री एकाच धारवाल्याकडे जातात, असं लोक म्हणतात हेही तिच्या कानावर आलं होतं. तिला त्यात वावगं काही वाटलं नाही. बोथट कात्रीने कापड कापलं जात नाही, चावलं जातं, एवढंच ती म्हणाली.

काकू गोधड्या शिवत असे. तळमजल्यावरची, रस्त्याकडे उघडणारी खोली हे तिचं दुकान. खिडकीखाली पायाने चालवायचं शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेली कापडांची गाठोडी, एका कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल. त्या टेबलावर तिचे यजमान. ते पूर्वी कारखान्यात यंत्रं दुरुस्त करत, म्हणून सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. निवृत्त झाल्यावर घरात बसून काय करायचं म्हणून त्यांनी इस्त्री हातात घेतली, आणि यंत्राचा सुटा भाग पुसावा तशा निगुतीने ते कापडाचे तुकडे सरळ करून देत. बोलत कमी. घरात बोलण्याचं खातं काकूकडे होतं.

दारावर पेंटरने रंगवलेली पाटी होती: 'गोधड्या शिवून मिळतील'. अक्षरं नारिंगी, त्यांना पोपटी सावली. काकूने साधी काळी अक्षरं सांगितली होती. पेंटर म्हणाला, "कात्रीकाकू, काळी अक्षरं डॉक्टरच्या पाटीला ठीक. तुमच्याकडे लोक ऊब घ्यायला येणार." काकू त्याच्यावर चार दिवस धुमसली आणि पाचव्या दिवशी शेजारणीला ती पाटी दाखवायला स्वतः दारात घेऊन गेली.

काकूच्या धंद्यात एक नियम होता आणि तो मोडल्याचं कोणाला आठवत नव्हतं. नमुना काकूचा, पण मांडणी पांघरणाऱ्याची. भिंतीवर तिने शिवलेले लहान लहान नमुने टांगलेले होते: साध्या चौकोनांचा, चौकोनात चौकोन असलेला, पायऱ्यापायऱ्यांचा, लांब पट्ट्यांचा. गिऱ्हाईक त्यातला एक निवडी. मग घरून आणलेली जुनी कापडं काकू कापी आणि जमिनीवर एक पांढरी चादर अंथरी. जो ती गोधडी अंगावर घेणार, त्याने स्वतः येऊन त्या चादरीवर तुकडे मांडायचे. कुठला रंग कुठे, कोणाशेजारी कोण, मध्ये काय आणि कडेला काय, हे त्याने ठरवायचं. आई लेकराच्या वतीने मांडू लागली की काकू तिला उठवून लेकराला बसवी. लेकरू रांगतं असलं तरी त्याने ज्या तुकड्यावर हात मारला तो मध्ये जाई. एकदा एक धिप्पाड ट्रक ड्रायव्हर आला. त्याने बायकोला बाहेर उभी केली आणि अख्खी गोधडी गुलाबी मांडली. काकूने चकार शब्द काढला नाही, आणि मिस्त्री हसू लागले तेव्हा त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी इस्त्रीकडे तोंड फिरवलं.

या नियमाच्या मुळाशी एक जुना राग होता. काकू लग्न होऊन या घरी आली तेव्हा सासूने तिच्यासाठी गोधडी शिवून ठेवली होती. तपकिरी. तिला कडा काळपट. सासू म्हणाली, मळखाऊ आहे, धुवायचा त्रास नको, तुझ्याच भल्याचं आहे. पुढे पडदे आले ते मळखाऊ. काकूसाठी कापड आलं तेही मळखाऊ. उशीचे अभ्रे, पायपुसणं, पोरांचे स्वेटर, सगळ्या घरावर चिखल फासल्यासारखा एकच रंग. काकूला पिवळा आवडत असे. हळदीसारखा, डोळ्यात भरणारा पिवळा. ते तिने कधी सांगितलं नाही, कारण कधी कोणी विचारलं नाही. सासू गेल्यावर काकूने ती तपकिरी गोधडी टाकून दिली नाही. माळ्यावर ठेवली. राग विसरू नये म्हणून ठेवली, असं ती म्हणे.

तर अशा या काकूकडे पेंटरची मुलगी आली. बँकेत काम करणारी, घाईतली, कपाळाला कायम एक आठी असलेली बाई. हातात मोठी पिशवी होती आणि पिशवीत पेंटरचे शर्ट. काकूने पिशवी चादरीवर उपडी केली आणि खोली उजळली. नारिंगी, मोरपंखी, जांभळा, पोपटी, एक लालभडक, त्यावर पांढरे ठिपके. पेंटर शिडीवर चढला की लांबून पाटी दिसायच्या आधी त्याचा शर्ट दिसे. लोक पत्ता सांगताना म्हणत, तो पोपटी शर्ट दिसतोय ना, त्याच्या डावीकडे वळा.

मुलीने सांगितलं की आईसाठी गोधडी हवी आहे. मग तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. चौकोनात चौकोन, सगळे फिक्या राखाडी आणि सायीच्या रंगाचे, मधून राखाडी पट्ट्या. नमुना हाच ठेवा, म्हणाली, हे नवं राखाडी कापडही आणलंय. आईच्या खोलीला नुकताच रंग दिलाय, त्याला हे शोभेल. आणि शर्टांचे तुकडे लावाल ते उलटे लावा, आतली बाजू वर येईल असे. आईनंच तसं सांगितलंय.

काकूने एक शर्ट उलटून पाहिला. आतून नारिंगी रंग फिका, धुवट दिसत होता, पावसात भिजलेल्या कागदासारखा. तिच्या डोक्यात तिडीक गेली. आईनंच सांगितलंय, हे वाक्य तिने या खोलीत पुष्कळदा ऐकलं होतं. सून सांगे, सासूबाईंना हेच आवडतं. मुलगा सांगे, बाबांचं काही म्हणणं नसतं. ज्याच्या तोंडी वाक्य घातलं जाई ते माणूस त्या वेळी नेमकं घरी असे.

तिने नियम सांगितला. आईला घेऊन ये, आई मांडेल. मुलगी म्हणाली, आईचे गुडघे गेलेत, तिसरा मजला, लिफ्ट नाही, आई खाली उतरून कित्येक महिने झाले. बरं, मग मी वर येते, असं म्हणणं काकूला अवघड नव्हतं. तेवढ्यात मुलीने घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "काकू, एवढं काय त्यात? नसेल जमत तर बाजारात तयार मिळतात, मी फक्त शर्ट वाया जाऊ नयेत म्हणून आले."

वाया. हा शब्द काकूला लागला. पेंटरचे शर्ट आणि वाया. तिने पिशवी ठेवून घेतली आणि मुलीला जायला सांगितलं.

मुलगी गेल्यावर मात्र तिला कोण आवरणार. माणूस गेला तर गेला, ती मिस्त्रींना म्हणाली, आता त्याचे शर्टही भिंतीकडे तोंड करून उभे करायचे? आयुष्यभर सगळ्या गावाला रंग वाटत फिरला आणि ह्यांना त्याचा रंग भिंतीशी जुळत नाही. भिंत बदला म्हणावं. आणि ती बिचारी वहिनी, तिला कोणी विचारलंय? तिसऱ्या मजल्यावर बसवून ठेवलीय, राखाडी खोलीत, राखाडी पांघरुणाखाली, म्हणजे धूळ बसली तरी दिसायला नको. मळखाऊ. नाव बदललंय, रंग तोच.

मिस्त्री बाहीची घडी सरळ करत होते. ते म्हणाले, "पांघरणार कोण?"

"वहिनी पांघरणार. म्हणूनच तर सांगते."

"मग तिला विचार."

"ती काय बोलणार? मुलीच्या घरात राहते. मी ओळखते तिला."

खरं तर काकू तिला फारशी ओळखत नव्हती. पेंटर सगळ्या गल्लीचा होता, त्याची बायको मात्र वर राहणारी, कमी बोलणारी, बाजारात भेटली तर मान हलवून पुढे जाणारी बाई होती. पेंटरला काकू भाऊ मानी म्हणून तिला वहिनी म्हणे, नातं एवढंच. पण रागात माणसाला वाटतं की आपल्याला सगळं कळतं. काकूने ठरवलं. गोधडी अशी शिवायची की मुलीची वाचा बसेल आणि वहिनीच्या डोळ्यांत पाणी येईल.

तिने नमुना मुलीने सांगितला तोच घेतला, चौकोनात चौकोन, म्हणजे तक्रारीला जागा नको. पण रंगाची एक एक गोष्ट तिने स्वतः ठरवली, आणि ठरवताना वीस वर्षांत भोगला नसेल असा आनंद भोगला. राखाडी कापड तिने घडी घालून खाली ढकललं. पट्ट्यांसाठी तिने स्वतःच्या गाठोड्यातलं पिवळं कापड काढलं, हळदीसारखं, बरेच दिवस कोणासाठी तरी राखून ठेवलेलं. नारिंगीच्या पोटात मोरपंखी चौकोन बसवला, मोरपंखीच्या पोटात नारिंगी. जांभळा आणि पोपटी एकमेकांशेजारी भांडतात म्हणून त्यांच्यामध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा लाल घातला, म्हणजे भांडण मिटत नाही पण बघायला मजा येते. पातळ झालेल्या कापडाला आतून दुसरा तुकडा लावला. एका शर्टाचा खिसा तिने न उसवता तसाच ठेवला, कारण त्याच्या कडेला नारिंगी रंगाचा वाळलेला अंगठा उमटला होता. हा आपल्याच पाटीचा रंग, अशी तिची खात्री होती. तो तुकडा तिने बरोबर मधोमध बसवला.

सगळी बाजू सुलट. एकही तुकडा उलटा नाही.

मशीनवर चौकोन जोडून झाले, मग मध्ये जुन्या मऊ चादरीचा थर, खाली अस्तर, आणि मग हाताने धावदोरा. इस्त्री करायला तुकडे देताना काकू रोज बडबडत होती, आणि रोजच्या बडबडीत मुलीचा गुन्हा थोडा थोडा वाढत होता. पहिल्या दिवशी ती नुसती घाईतली होती. कडेला गोट लावायची वेळ आली तोवर तिने आईला कोंडून ठेवलं होतं. मिस्त्रींनी आणखी एकदाच तोंड उघडलं. चादर अंथरली नाहीस या खेपेला, म्हणाले. काकूने ऐकलं नाही, किंवा ऐकू आलं नाही असं दाखवलं.

गोधडी पुरी झाल्यावर ती न्यायला मुलीला बोलवायचं नाही, हे काकूने आधीच ठरवलं होतं. मुलगी बँकेत असते त्या वेळी ती स्वतः निघाली. तिसरा मजला तिलाही सोपा नव्हता. प्रत्येक वळणावर थांबून तिने लिफ्ट न बसवणाऱ्या घरमालकाला मनातल्या मनात दोन शब्द सुनावले. दार कामवाल्या बाईने उघडलं आणि ती आपल्या कामाला निघून गेली.

खोली खरंच राखाडी होती. खिडकीशी पलंग, पलंगाशी चार पायांची काठी. पलीकडे बाल्कनीत दोरीवर कपडे वाळत होते, सगळे उलटे करून घातलेले, शिवणी बाहेर आलेल्या. पेंटरची बायको उशीला टेकून बसली होती. तिने काकूला ओळखलं, बस म्हणाली, पाणी पी म्हणाली. काकूला धीर कुठला. तिने गाठोडं सोडलं आणि गोधडी पलंगावर पसरली.

राखाडी खोलीत ती आग लागल्यासारखी दिसली. म्हातारी बघत राहिली. काकूने ओळखलं की गळा दाटून आलाय, आणि ती समजूतदारपणे खिडकीबाहेर पाहू लागली. म्हातारीने हात पुढे केला, मधल्या खिशावरून फिरवला, मग कडेचा एक तुकडा बोटांत धरून त्याच्या खालचं अस्तर चाचपलं.

"उलटे लावायला सांगितले होते ना मी?" ती म्हणाली.

काकू वळली. तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. तिने सांगायला सुरुवात केली की वहिनी, घाबरू नका, मुलीचं मी बघते, तिला भिंतीशी जुळवायचं होतं म्हणून ती तसं...

"भिंतीचं तिचं. उलटं लावायचं माझं. मी सांगितलं होतं."

"मला वाटलं, तुम्हाला कोणी विचारलं नसेल."

"मग तू विचारलंस?" म्हातारीचा आवाज मोठा नव्हता, पण त्यात धार होती. "तिला वाटलं, तुला वाटलं. तिने रंग निवडला खोलीसाठी. तू निवडलास त्याच्यासाठी. पांघरणार मी. माझे गुडघे गेलेत गं, तोंड नाही गेलं."

काकूच्या तोंडात मारल्यासारखं झालं. पण तिला वाद सोडण्याची सवय नव्हती. तिने सांगितलं की हे रंग म्हणजेच तो, सगळी गल्ली त्याला या रंगांनी ओळखायची, ते उलटे लावायचे म्हणजे त्याला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं.

"गल्ली ओळखायची," म्हातारी म्हणाली. "मी नाही. तो हे घालून सकाळी बाहेर पडायचा, रंग सगळे तुम्ही बघितलेत. घरी आला की शर्ट काढून माझ्या हातात. मी तो उलटा करायची, उलटा धुवायची, उलटा वाळत घालायची. का? तर रंग उडू नये. त्याचा रंग बाहेर टिकावा म्हणून आयुष्यभर मी उलटी बाजू बघितली. त्याच्या अंगाला लागायची ती बाजू. बाहेरची तुमची होती. आतली तरी माझी राहू दे ना."

मग ती थोडी थांबली आणि म्हणाली की हे पिवळं कुठलं, हे त्याचं नाही.

काकू म्हणाली, माझं आहे.

"तेच म्हणते."

गोधडी गुंडाळून काकू खाली उतरली. एवढा संताप तिला सासूवरही आला नसेल. घरमालकावर, मुलीवर, जिन्यावर, आणि सगळ्यात जास्त त्या म्हातारीवर. आपण डोळे फोडून टाके घातले, एक टाका वाकडा नाही, आणि वर ऐकून घ्यायचं. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. उसवायचं म्हणजे काय पोरखेळ आहे? धावदोरा काढा, गोट काढा, थर सोडवा, मग एक एक चौकोन वेगळा करा आणि उलटा करून पुन्हा जोडा. नेऊ दे तिला बाजारातली तयार.

घरी येऊन तिने गाठोडं टेबलावर आदळलं आणि मिस्त्रींना सगळं ऐकवलं. म्हातारी कशी कृतघ्न, मुलगी कशी अर्धवट सांगणारी, उलट बाजूचं कारण आधीच सांगितलं असतं तर ही वेळ आली असती का. आपण जे केलं ते तिच्या भल्यासाठीच केलं.

मिस्त्रींनी इस्त्री उभी करून ठेवली. ते हळू म्हणाले, "आईसुद्धा असंच म्हणायची."

त्यानंतर त्या घरात संध्याकाळभर कोणी बोललं नाही. काकू स्वयंपाकघरात गेली, भांडी घासलेली होती ती पुन्हा घासली. सासूशी तुलना. त्या सासूशी. तिला वाटलं की या माणसाशी पुढचे सहा महिने अबोला धरावा. मग तिला वाटलं की माळ्यावरची ती तपकिरी गोधडी आणून त्याच्या डोक्यात घालावी. आणि त्या तपकिरी गोधडीची आठवण आली तशी तिला पिवळी पट्टी आठवली. हळदीसारखी, डोळ्यात भरणारी, वहिनीच्या पलंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत. सासूने तपकिरी निवडताना तिच्या चेहऱ्यावर काय भाव असतील याचा काकूने इतक्या वर्षांत कधी विचार केला नव्हता. बहुतेक ती खूश असेल. बहुतेक ती सुनेला गोधडी देताना खिडकीबाहेर पाहत, सुनेच्या डोळ्यांत पाणी यायची वाट बघत उभी असेल.

राग काही कमी झाला नाही. फक्त तो फिरून आला आणि घरच्या माणसासारखा काकूच्याच शेजारी येऊन बसला.

सकाळी तिने पिशवी भरली. उसवायचं पातं, छोटी कात्री, टाचण्या, मुलीने दिलेलं राखाडी कापड, आणि घडी घातलेली पांढरी चादर. मिस्त्रींना सांगितलं की जेवण झाकून ठेवलंय. एवढं बोलून अबोला मोडला, पण त्याचं श्रेय त्यांना घेऊ दिलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर म्हातारीने तिला पाहिलं आणि पलंगावर सरकून जागा केली. काकूने माफी मागितली नाही, कारण ती तिला येत नसे. तिने गोधडी पलंगावर ठेवली आणि एक पातं म्हातारीच्या हातात दिलं. दोघी उसवायला बसल्या. आधी धावदोरा, मग गोट. पिवळ्या पट्ट्या निघाल्या तशा काकूने गुंडाळून आपल्या पिशवीत टाकल्या. म्हातारीने उसवता उसवता सांगितलं की मोरपंखी शर्ट त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेला नव्हता, एका मिठाईवाल्याने पाटीच्या बदल्यात दिला होता, आणि त्याची बाही कायम आखूड पडायची. काकूला हे ठाऊक नव्हतं. गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

दुपारी चादर अंथरायची वेळ आली तेव्हा अडचण उभी राहिली. म्हातारी जमिनीवर बसू शकत नव्हती. इतक्या वर्षांत काकूच्या चादरीची जागा जमिनीवरून हलली नव्हती. तिने ती पलंगावर अंथरली आणि स्वतः मोडक्या स्टुलावर बसली.

म्हातारी मांडू लागली. सगळे तुकडे उलटे. उलट बाजूने जांभळा आणि पोपटी भांडत नव्हते. दोघेही इतके फिके झाले होते की शेजारी झोपलेल्या भावांसारखे दिसत होते. पट्ट्यांसाठी तिने राखाडी कापड नाकारलं आणि कपाटातली पांढरी चादर काढायला सांगितली, जिच्यावर ती आणि तो झोपत. म्हातारी सावकाश मांडे, उचले, पुन्हा मांडे. काकूला दिसत होतं की नारिंगी कडेला जातोय आणि तिथे तो फुकट जाणार. तिने दोनदा तोंड उघडलं. दोनदा दाताखाली टाचणी धरून बंद केलं.

शेवटी खिशाचा तुकडा उरला. सुलट बाजूने त्यावर नारिंगी अंगठा स्पष्ट होता. उलटा ठेवला की अंगठाही जाणार आणि खिसाही. म्हातारीने तो हातात घेतला, दोन्हीकडून पाहिला, खूप वेळ पाहिला. काकूच्या ओठांवर आलं होतं की वहिनी, एवढा एक तरी.

"हा कसा लावू?" तिने विचारलं.

म्हातारीने तुकडा उलटा करून मधोमध ठेवला. त्यावरून हात फिरवला. खालचा खिसा बोटांना लागत होता.

"असाच," ती म्हणाली. "मला कळतोय."

काकूने टाचणी टोचली.

तेवढ्यात किल्लीचा आवाज झाला आणि मुलगी बँकेतून घरी आली. पलंगभर पसरलेले तुकडे पाहून ती दारातच थांबली. पिशवी खांद्यावरून उतरवायच्या आधीच म्हणाली, की काकू, छान दिसतंय, पण आई, हा नारिंगी कडेला नको, मध्ये घेतला तर जरा उठून दिसेल, नाही का.

नारिंगीबद्दल काकूचंही मत तेच होतं. पण ती स्टुलावरून उठली, कंबर सरळ केली, आणि तिच्या आवाजात कात्री पुन्हा वाजली.

"पांघरणार कोण आहे, तू की ही?"

मुलीने आईकडे पाहिलं. आई टाचणीच्या डबीत काहीतरी शोधत होती. मुलीने पिशवी खाली ठेवली, काठी थोडी बाजूला सरकवली आणि पलंगाच्या कडेवर, मांडलेल्या एकाही तुकड्याला धक्का न लावता, जपून बसली.

"तू सांग ना, आई," ती म्हणाली. "कडेलाच का?"